जाबदार नंबर एक

“बाई, तुम्हाला मिस्टरांवर दावा लावावा लागेल,” असं कोपर्डे वकील म्हणाले, तेव्हा मिस्टर माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून वकिलांनीच मागवलेला चहा पीत होते.

मला वाटलं, हेच माझे मिस्टर हे वकिलांच्या लक्षात आलं नसावं. म्हणून मी रीतसर ओळख करून दिली.

“माहीत आहे की,” वकील म्हणाले. “शिराळकर सर माझ्या मुलाला फिजिक्स शिकवायला होते. म्हणून तर त्यांच्यासमोर सांगतोय. दावा यांच्यावरच लावायचाय.”

हे हसले. ह्यांना तो विनोद वाटला. वकील हसत नाहीत असं दिसल्यावर ह्यांनी कप बशीत ठेवला आणि वर्गात मागच्या बाकावरून आवाज आला की जसे बघायचे तसे बघायला लागले.

कोपर्ड्यांनी आम्हाला कायदा समजावून सांगितला. अपघातात लागलं म्हणून कुणी भरपाई देत नसतं. कुणाच्या तरी चुकीमुळे लागलं, हे दाखवावं लागतं. त्या चुकीला कोर्टात निष्काळजीपणा म्हणतात. आमची गाडी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली होती. चूक ट्रॉलीवाल्याची म्हटली तर पैसे ट्रॉलीवाल्याने द्यायचे. त्याच्या ट्रॉलीला नंबर नव्हता, विमा नव्हता, आणि अपघात झाल्याबरोबर तो ट्रॅक्टर सोडवून जो गेला तो पुन्हा कुणाला दिसला नव्हता. चूक गाडी चालवणाऱ्याची म्हटली, तर आमच्या गाडीचा फुल इन्शुरन्स होता. गाडीत बसलेल्या माणसाचं नुकसान मग विमा कंपनीने द्यायचं.

“सरांच्या खिशातून काही जाणार नाही,” कोपर्डे म्हणाले. “चूक सरांची होती, एवढं फक्त शाबीत व्हायला पाहिजे.”

‘फक्त’ हा शब्द त्यांनी फार सहज वापरला. त्यांचं आमच्या घरी येणंजाणं नव्हतं.

लग्न होऊन मी शिराळकरांच्या घरात आले तेव्हापासून ह्यांची चूक झालेली मी पाहिली नव्हती. दूध उतू जायचं ते पातेल्याला काठ बरोबर नसल्यामुळे. गाडी चुकायची ती एसटीवाल्यांनी वेळापत्रक पाळल्यामुळे. पाहुण्यांना हे भलत्याच नावाने हाक मारायचे, तर पाहुण्यांनीच आपला चेहरा दुसऱ्या कुणासारखा ठेवलेला असायचा. आणि गाडी चालवणं म्हणजे तर ह्यांचा खास विषय. स्टिअरिंगवर बसले की समोरच्या प्रत्येक ड्रायव्हरला मार्क द्यायचे. पास झालेला एकही मला आठवत नाही.

“निष्काळजी?” हे म्हणाले. “मी?”

“कागदापुरतं, सर.”

“कागदावरसुद्धा ते खरं नाही ना.”

मग कोपर्ड्यांनी माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. हात मांडीवर होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं. ह्यांनीही बघितलं आणि लगेच नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नेली. थोड्या वेळाने कॅलेंडरलाच म्हणाले, “कागदापुरतं असेल तर माझी हरकत नाही.”

अशी माझ्या नवऱ्याने स्वतःवर दावा लावायला मला परवानगी दिली.

अपघात झाला तो असा. कोल्हापूरला ह्यांच्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. ते आटपून आम्ही कराडला परत येत होतो. गळिताचा हंगाम, त्यामुळे रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. सूर्य नुकता मावळला होता, दिवे लावावेत की नाही असा उजेड होता; ह्यांनी लावले होते. गाडीत टेप चालू होती. कासेगाव मागे पडल्यावर डाव्या बाजूला, अर्धी रस्त्यावर आणि अर्धी मातीत, एक ट्रॉली उभी होती. तिचं चाक पंक्चर झालं होतं, हे नंतर कळलं. मागे दिवा नाही, काही नाही. आम्ही तिच्यावर गेलो. शेवटच्या क्षणी ह्यांनी स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. त्यामुळे ह्यांची बाजू वाचली आणि माझी गेली. ह्यांच्या कपाळाला खोक पडली, ती आठवड्यात भरून आली. मी उजवा हात पुढे धरला होता, त्याच्या कोपराचा चुरा झाला आणि त्यातली एक नस कायमची गेली.

एक नस म्हणजे काय ते डॉक्टरांनी मला चित्र काढून सांगितलं. मला चित्राची गरज नव्हती. माझं कराडात ब्यूटी पार्लर होतं. साधंच, दोन खुर्च्या आणि एक पडदा. पण भुवया कोराव्यात तर हेमलताबाईंनीच, असं बायका म्हणायच्या. लग्न ठरलेल्या मुली, त्यांच्या आया, मामलेदारांच्या बायका, सगळ्यांच्या भुवया माझ्या दोऱ्याखालून गेलेल्या. दोऱ्याचं एक टोक दातात, दोन्ही हातांच्या बोटांत दोऱ्याचा फास, आणि बोटं उघडायची, मिटायची. सगळं काम अंगठ्याचं आणि बोटांचं. आता माझ्या उजव्या हाताच्या चिमटीत दोरा ठेवला की तो आपला घरंगळून जायचा. पदराची पिनसुद्धा मला लावता येईना. शबाना म्हणून एक बाई पहिल्यापासून माझ्याकडे कामाला होती. भुवया तिच्या हाती दिल्या. बायका तिच्यासमोर बसायच्या आणि आरशातून माझ्याकडे बघायच्या.

दावा दाखल झाला. अर्जदार मी, जाबदार नंबर एक हे, जाबदार नंबर दोन विमा कंपनी. कोर्टाची नोटीस घेऊन बेलिफ घरी आला तेव्हा दार मीच उघडलं. ‘शिराळकर आहेत का, त्यांच्यावर केस झालीय,’ तो हळू आवाजात म्हणाला. कुणी केली, हे मी विचारलं नाही. आत जाऊन ह्यांना पाठवलं आणि बेलिफाला पाणी दिलं.

संध्याकाळी हे आमच्या अर्जाची प्रत घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. ‘जाबदार नंबर एक याने सदरहू वाहन भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे चालवून’ हे वाक्य त्यांनी मोठ्याने वाचलं. मग खिशातलं पेन काढून ‘भरधाव’ला गोल केला. भरधाव म्हणजे किती, हे लिहिल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही असं त्यांचं म्हणणं. ‘हयगय’ आणि ‘निष्काळजीपणा’ ही द्विरुक्ती. अर्ज असा लिहिणाऱ्याला आपण दहातले तीन दिले असते. मी म्हटलं, “तुमच्याविरुद्ध आहे तो. वाईट लिहिलेला असला तर तुमचंच बरं.” ह्यांना ते पटलं. भाकरी कुस्करून जेवायला लागले.

खरी पंचाईत माझ्या नणंदेची, प्रभावन्संची झाली. त्या इस्लामपूरहून मुद्दाम आल्या. सख्ख्या नवऱ्याला कोर्टात खेचणारी बाई त्यांनी आमच्या घराण्यात पाहिली नव्हती. मी म्हटलं, मीही पाहिली नव्हती. त्या म्हणाल्या, दादाच्या हातून कधी मुंगी मेलेली नाही. ते मात्र खरं. मुंग्या ह्यांच्या गाडीपुढे येत नाहीत आणि आल्या तर त्यांचीच चूक. शेवटी वन्सं माझा हात आपल्या हातात घेऊन बसल्या, बोटं चोळत राहिल्या, आणि चोळता चोळता म्हणाल्या, “ट्रॉलीचीच होती गं चूक.” बोटांना त्यातलं काही कळत नव्हतं.

कोर्टात तारखा पडत गेल्या, वर्षं गेली. सिव्हिल सर्जनने माझा हात वाकवून, दाबून, टाचणीने टोचून पाहिला आणि अपंगत्वाचे टक्के लिहून दिले. हाताचे वेगळे आणि सगळ्या शरीराचे वेगळे. सगळ्या शरीराचे फारच कमी निघाले. बाकी बाई तशी चांगल्या अवस्थेत आहे, असा त्याचा अर्थ असावा.

मग माझी उलटतपासणी झाली. विमा कंपनीचे वकील गिजरे म्हणून होते. उंच, गोड बोलणारे, बोलताना पुढे झुकायचे. त्यांची बायको माझ्याकडेच यायची. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, भुवया कोरणं ही माणसाची गरज आहे की चैन? मी म्हटलं, घरी विचारा. जज्जबाईंनी मला समज दिली. प्रश्नाचं उत्तर फक्त हो किंवा नाही असं द्यायचं. मी म्हटलं, हो.

मग त्यांनी एक कागद काढला. मी हॉस्पिटलात असताना पोलिसांनी माझा जबाब घेतला होता. कोपराचं ऑपरेशन झालेलं, गुंगी पुरती उतरलेली नाही, उशाशी हे बसलेले, दाराशी सासूबाई. हवालदाराने लिहिलं होतं की ट्रॉलीला दिवा नव्हता, ती दिसली नाही, माझ्या नवऱ्याची चूक नाही, माझी त्यांच्याविरुद्ध काही तक्रार नाही. खाली मी डाव्या हाताने सही केली होती. सही अशी वाकडी होती की मला स्वतःलाच ती कुणा दुसऱ्या बाईची वाटली.

“ही सही तुमचीच?” गिजऱ्यांनी विचारलं.

“हो.”

“तेव्हा नवऱ्याची चूक नव्हती. आता भरपाई मिळतेय असं दिसल्यावर चूक झाली. असंच ना?”

“नाही.”

“मग तेव्हा खोटं बोललात?”

ह्या प्रश्नाचं हो किंवा नाही असं उत्तर मला देता आलं नाही. जज्जबाईंनी ‘साक्षीदार निरुत्तर’ असं लिहायला सांगितलं. गाडीत मी काही बोलले होते का, हे मला ना गिजऱ्यांनी विचारलं, ना कोपर्ड्यांनी. शेजारी बसलेल्या बाईने काय सांगितलं ह्याला अपघातात काही महत्त्व असेल, असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मीही आपणहून सांगितलं नाही.

बाहेर आल्यावर कोपर्ड्यांचा चेहरा उतरलेला होता. आपली केस त्या जबाबात बुडाली, असं ते सरळ म्हणाले. आणि वर गिजऱ्यांनी अर्ज दिला, की जाबदार नंबर एक यांना आम्ही आमच्या बाजूने साक्षीला बोलावतो. चूक नव्हती असं खुद्द चालवणाऱ्यानेच शपथेवर सांगितलं, की कंपनी सुटली.

कोपर्डे घरी आले. ह्यांना त्यांनी खूप समजावलं. जास्त काही बोलायचं नाही. वेग जरा जास्त होता, अंदाज आला नाही, एवढी दोन वाक्यं. हे ऐकून घेत होते. मग म्हणाले, वेग जास्त नव्हता. आणि माझा अंदाज चुकत नाही. कोपर्डे म्हणाले, सर, बाईंच्या हाताचा विचार करा. हे म्हणाले, विचार केलाय म्हणूनच तर दावा लावू दिला. पण उभ्या गावासमोर, शपथ घेऊन, मला गाडी चालवता येत नाही असं कसं म्हणू? माझे विद्यार्थी असतात कोर्टात.

कोपर्ड्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “राहू द्या. त्यांना जे वाटेल ते सांगू दे.” हे मी मोठ्या मनाने म्हटलेलं नव्हतं. मला कंटाळा आला होता.

साक्षीच्या दिवशी ह्यांनी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. पिंजऱ्यात उभे राहिले ते थेट फळ्यापुढे उभं राहावं तसे. शपथ घेतानाचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. कोर्टात दोन ज्युनियर वकील खरंच ह्यांचे विद्यार्थी निघाले. ते उठून उभे राहिले आणि जज्जबाईंनी बघितल्यावर बसले.

गिजऱ्यांनी सुरुवात फारच गोड केली. सर फिजिक्सचे प्राध्यापक, म्हणजे वेग, वस्तुमान, ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरावर थांबते, हे सगळं सर शिकवतात, हो ना? हो. याआधी कधी अपघात? नाही. कधी दंड? नाही. एका एका ‘नाही’बरोबर हे थोडे थोडे उंच होत होते. कोपर्ड्यांनी पेनाला टोपण लावलं.

“ट्रॉलीला मागे दिवा होता?”

“नव्हता.”

“रिफ्लेक्टर, लाल फडकं, काही?”

“काही नव्हतं.”

“संध्याकाळ झालेली. म्हणजे माणूस कितीही काळजीने गाडी चालवत असला, तरी त्याला ती ट्रॉली वेळेवर दिसणं शक्यच नव्हतं. बरोबर?”

कितीतरी वर्षं हे ह्या प्रश्नाला बरोबर म्हणत आले होते. कॉलेजात, लग्नकार्यात, केशकर्तनालयात. कुणी न विचारताही म्हणत आले होते. मी ह्यांच्याकडे बघत नव्हते. जज्जबाईंच्या मागच्या खिडकीत एक कबूतर बसलं होतं, त्याच्याकडे बघत होते.

उत्तर आलं नाही, म्हणून मी मान वळवली. हे माझ्या हाताकडे बघत होते. ह्या वेळी नजर कुठे नेली नाही.

“दिसली होती,” हे म्हणाले.

गिजरे पुढे झुकले. “काय म्हणालात, सर?”

“ट्रॉली. बरीच आधी दिसली होती. उसाची मोळी हेडलाइटमध्ये चांगली दिसते.”

गिजऱ्यांनी इथे खाली बसायला हवं होतं. कोपर्डे नंतर मला म्हणाले, शहाण्या वकिलाने ज्याचं उत्तर माहीत नाही तो प्रश्न विचारू नये. पण गिजऱ्यांनाही शेवटी उत्सुकता असणारच.

“दिसली होती, तर मग ब्रेक का नाही मारला?”

 टंकलेखकाची बोटं यंत्रावर तशीच थांबली.

“हिने सांगितलं म्हणून.”

गिजऱ्यांच्या चेहऱ्यावर आशा उमटली. “म्हणजे ब्रेक मारू नका, असं तुमच्या पत्नीने सांगितलं?”

“नाही. ब्रेक मारा असं सांगितलं. ‘अहो, ट्रॉली आहे, ब्रेक मारा.’ दोनदा सांगितलं. म्हणून नाही मारला.” ह्यांचा आवाज फळ्यापुढचा राहिला नव्हता. “हिने सांगितलं आणि मी मारला, असं व्हायला नको होतं. थोडं थांबून मारणार होतो. माझ्या मनाने.”

 जज्जबाईंनी चष्मा काढला. इतक्या तारखांत त्यांना मी पहिल्यांदा चष्म्याशिवाय पाहिलं. माझ्याच वयाच्या असतील.

“हे असं याआधी कधी केलंय तुम्ही?” त्यांनी विचारलं.

“गाडीत?” ह्यांनी अगदी प्रामाणिकपणे विचारलं.

मागच्या बाकावर हसू फुटलं. ज्युनियरांनी तोंडावर फायली धरल्या. जज्जबाई हसल्या नाहीत. त्यांनी टंकलेखकाला सांगितलं, “साक्षीदाराच्या शब्दांतच घ्या. एक शब्द बदलू नका.”

माझं मात्र हसण्याकडे लक्ष नव्हतं. आपण दोनदा सांगितलं होतं, हे मला माहीत होतं. ते ह्यांना ऐकू गेलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं मी धरून चालले होते की टेप चालू होती, खिडकी उघडी होती, माझा आवाज मुळातच बारीक. हॉस्पिटलात डाव्या हाताने सही केली ती ह्याच भरवशावर. तो भरवसा गिजऱ्यांनी एका प्रश्नात काढून घेतला, आणि त्याच प्रश्नात मी केस जिंकले. दोन्ही एकदमच झालं. कशाचं वाईट वाटून घ्यावं ते मला तिथे बसून ठरवता येईना.

कोर्टाच्या पायऱ्यांवर कोपर्डे ह्यांना मिठीच मारायला आले.

“सर, मानलं तुम्हाला. मी तुम्हाला दोन साधी वाक्यं दिली होती. तुम्ही काय रचलंत! आणि चेहऱ्यावर काय आणलंत! असलं काही मला दहा जन्मांत सुचलं नसतं. जज्जबाई पार विरघळल्या.”

ह्यांनी त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी वाट बघत होते. खरोखर वाट बघत होते. ह्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली.

“बायकोसाठी एवढं करावं लागतं,” हे म्हणाले.

आणि मग हेच गावभर झालं. सरांनी बायकोच्या भरपाईसाठी भर कोर्टात स्वतःची अब्रू पणाला लावली. खोटं बोलले, पण कुणासाठी? प्रभावन्सं पुन्हा इस्लामपूरहून आल्या, ह्या वेळी पेढे घेऊन. दादाने तुझ्यासाठी स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतलं, तू जन्मभर त्याचे पाय धुतलेस तरी कमी, असं म्हणाल्या. पार्लरमध्ये बायका आरशातून सांगायच्या, ‘नशीबवान आहात, आमचे हे तर आमच्यासाठी रेशनच्या रांगेत उभे राहत नाहीत.’ गिजऱ्यांची बायकोही आली. ती म्हणाली, आमचे मिस्टर केस हरले पण सरांना नावाजत होते. मी शबानाला म्हटलं, बाईंच्या भुवया नीट कर, जरा बारीकच ठेव.

माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकदा आपली चूक कबूल केली आणि त्याबद्दल त्यांना थोर खोटारडा म्हणून मान मिळाला. तो त्यांनी घेतला. नाकारायचं काही कारण त्यांना दिसलं नाही.

त्या दिवशी कोर्टातून घरी आल्यावर मी विचारलं होतं. हे व्हरांड्यात वर्तमानपत्र घेऊन बसले होते.

“ऐकू गेलं होतं?”

वर्तमानपत्र खाली आलं नाही.

“हो.”

“दोन्ही वेळा?”

“हो.”

मी आत गेले आणि पानं घेतली. डाव्या हाताने वाढायची मला सवय झाली होती.

निकाल लागला. विमा कंपनीने शेवटी असंही म्हणून पाहिलं, की अर्जदार बाईंनीच चालत्या गाडीत बोलून चालकाचं लक्ष विचलित केलं, सबब निम्मा निष्काळजीपणा बाईंचा. जज्जबाईंनी ते म्हणणं एका ओळीत निकालात काढलं. समोरचा धोका सांगणं हा निष्काळजीपणा होत नाही, असं त्यांनी लिहिलं. ती ओळ मी कोपर्ड्यांकडून दोनदा वाचून घेतली. भरपाई मागितली होती त्याहून बरीच कमी मिळाली, पण मिळाली. शबानाचा पगार वाढवला आणि तिसरी खुर्ची आणली.

ह्यांच्या गाडीत मी त्यानंतर फार दिवस बसले नाही. रिक्षाने जायचे, एसटीने जायचे. हे विचारायचे, मी नाही म्हणायचे, हे कारण विचारायचे नाहीत. मग एका पावसाळ्यात सासूबाई गेल्या, दवाखाना, घाट, नातेवाईक सगळं एकदम आलं, आणि त्या धावपळीत कधीतरी मी पुढच्या सीटवर बसलेली होते.

थोड्या दिवसांनी आम्ही मंडईवरून घरी येत होतो. माझ्या लक्षात आलं की कोथिंबीर राहिली. मी म्हटलं, “अहो…”

पुढचा शब्द तोंडातून यायच्या आत ह्यांनी कचकन ब्रेक मारला. भर रस्त्यात. समोर काही नव्हतं, साधं कुत्रंसुद्धा नव्हतं. मागून टेम्पो आणि त्याच्या मागे दोन रिक्षा कर्कश हॉर्न वाजवायला लागल्या. ह्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. 

“काय?” ह्यांनी विचारलं.

“कोथिंबीर राहिली.”

टेम्पोवाला उतरून खिडकीशी आला आणि गाडी कुठे शिकलात काका, असं त्याने विचारलं.  ह्यांनी गाडी हळूच बाजूला घेतली आणि मला म्हणाले, “आण जा. मी आहे इथे.”

त्याला आता बरीच वर्षं झाली. ह्यांनी त्याबद्दल तोंडाने काही म्हटलेलं नाही, पुढेही म्हणतील असं नाही. घरी पाहुणे आले की अजून ती कोर्टाची गोष्ट सांगतात, बायकोसाठी कसं खोटं बोललो ती. मी चहा ठेवायला उठते. पण गाडीत माझा ‘अ’ निघाला की गाडी उभी. घाटात उभी, पुलावर उभी, सिग्नल हिरवा असताना उभी. मागून लोक काय काय म्हणतात ते इथे सांगण्यासारखं नाही. नवऱ्याने माझं ऐकावं अशी माझी इच्छा होती, ती अशी पुरी झाली.

गेल्या महिन्यात आम्ही साताऱ्याला भाचीकडे गेलो. कराड सोडलं तशी मी खिडकीबाहेर बघत बसले. उंब्रज गेलं, नागठाणे आलं, तरी मी तोंड उघडलं नाही. शेवटी ह्यांनाच राहवेना.

“काही बोलत का नाहीस? रागावलीस का?”

“नाही,” मी म्हटलं. “पोचायचंय मला.”